विषयांची निवड

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला, की चेन्नईतील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : ‘कोणता ग्रूप?’ महाराष्ट्रात जिला शाखा म्हणतात, तिला तमिळनाडूत ग्रूप म्हणण्याची रीत आहे. भोसल्यांच्या राज्याबरोबर तंजावर प्रांती स्थिरावलेल्या मराठी घराण्यांतील मुले असोत, की बदलीच्या नोकरीमुळे पुण्या-नागपुराहून आलेल्या कुटुंबांतील, या प्रश्नातून कोणाचीही सुटका नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने चार दिवसांत दिलेल्या उत्तरावर त्याची पुढली अनेक वर्षे अवलंबून असतात. आणि पुष्कळदा ते उत्तर मुलाचे नसतेच, शेजारच्या बिऱ्हाडाचे असते.

या प्रश्नाचा विचार ज्यांनी देशपातळीवर प्रथम साकल्याने केला, ते गृहस्थ याच शहरचे होते. मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली 1952 साली माध्यमिक शिक्षण आयोग नेमण्यात आला. सर्वांना एकाच साच्यातून काढणे अन्यायाचे आहे, असे ओळखून आयोगाने 1953 साली सात विषयगट सुचविले : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक शिक्षण, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान. निवडीच्या वेळी विद्यार्थ्यास जाणत्या मार्गदर्शकाचा सल्ला मिळावा, हेही आयोगाने आग्रहाने सांगितले. पुढे कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार दहा अधिक दोन वर्षांची रचना आली. तमिळनाडूत ती 1978 पासून सुरू झाली. गट टिकले, मार्गदर्शक मात्र फार थोड्या शाळांच्या वाट्यास आले.

बारावीस राज्य मंडळाचे सहा विषय असतात : दोन भाषा आणि गटातील चार विषय. भौतिक व रसायन यांच्या जोडीस गणित घेतल्यास अभियांत्रिकीचे दार उघडते, जीवशास्त्र घेतल्यास वैद्यकीचे. दोन्ही घेणाऱ्यास दोन्ही दारे मोकळी राहतात, पण ओझेही दुहेरी होते. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी गणिताचे गुण पूर्ण आणि भौतिक-रसायनाचे निम्मे धरून दोनशेपैकी बेरीज करतात. गणितात 80, भौतिकात 70 आणि रसायनात 60 मिळविणाऱ्याची बेरीज 145 होते. म्हणजे ज्याचे गणित कच्चे, त्याची बाजू येथे मुळातच लंगडी पडते. वैद्यकीचा प्रवेश 2017 पासून या राज्यातही ‘नीट’ परीक्षेवर ठरू लागला. कायदा, सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम किंवा प्रशासकीय सेवा यांना मात्र कोणत्याही गटाचा विद्यार्थी पात्र ठरतो, ही गोष्ट निवडीच्या घाईत विसरली जाते.

विषयांची सक्ती केवढी महाग पडू शकते, याचे उदाहरण याच भूमीत घडले. श्रीनिवास रामानुजन यांना गणितावाचून दुसरे काही सुचत नसे. कुंभकोणमच्या महाविद्यालयात इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेली. मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातही एफ.ए.ची परीक्षा त्यांना उतरता आली नाही. 1912 साली ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये मासिक तीस रुपयांवर कारकून झाले. पुढल्या वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती दिली आणि 1914 साली ते केंब्रिजला गेले. ही कथा ऐकून ‘आवडीचा तेवढाच विषय पुरे’ असे मुलाने समजू नये. ज्यांच्या पत्राला हार्डींसारखा वाचक मिळाला नाही, अशांची नावे इतिहासात नोंदलेली नाहीत. उंबरठा ओलांडण्यापुरते तरी प्रत्येक सक्तीच्या विषयाचे ऋण फेडावेच लागते. पालकांनी मात्र दुसरा बोध घ्यावा : नापास झालेला मुलगा निर्बुद्ध असतोच असे नाही.

दुसरे उदाहरण मराठी घरातले. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल यांच्या हाताखाली शिकले. गणित आणि विज्ञान हे त्यांचे हातखंडा विषय. पण ते ना गणिती झाले, ना शास्त्रज्ञ. हिशेब कचेरीतील नोकरी, त्रावणकोरच्या राजपुत्रांची शिकवणी, असे करीत ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. शाळेत निवडलेला विषय म्हणजे जन्माचा व्यवसाय नव्हे; त्यातून लागलेली विचाराची शिस्त मात्र जन्मभर पुरते.

तेव्हा निवडीपूर्वी तीन गोष्टी तपासणे इष्ट. कोणता विषय मूल न सांगता उघडून बसते? तीन वर्षांच्या गुणपत्रिकांत कोणत्या विषयाचे गुण स्थिर आहेत? आणि जे दार पुढे हवे आहे, त्याला कोणता विषय अपरिहार्य आहे? तिन्ही उत्तरे एकाच गटाकडे बोट दाखवीत असतील, तर शेजाऱ्यांचे मत विचारण्याचे कारण नाही. ती जुळत नसतील, तर विषयशिक्षकाशी तासभर बोलणे हे वर्षभराच्या शिकवणीहून मोलाचे ठरते. बदलीवर येणाऱ्यांनी आणखी एक पाहावे : पसंतीचा गट आणि मुलाला झेपेल अशी भाषा, ही दोन्ही एकाच शाळेत मिळतात की नाही, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी.

गटाच्या अर्जावर सही पालकांची लागते. त्या गटाची पुस्तके मात्र मुलाला उघडावयाची असतात. सही करताना एवढे ध्यानात राहिले, तरी पुष्कळ घरांतील जून महिना सुखाचा जाईल.