नदी यंदा किती वाळू आणणार?

गंगाखेड, सोनपेठ, पालम किंवा पाथरी तालुक्यात घराचं काम निघालं की पहिली चौकशी वाळूची होते. ब्रासला भाव काय, टिप्पर कधी येणार, पावती मिळणार का. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजेच 2.83 घनमीटर. वाळू विकताना हा हिशेब काटेकोर असतो, आणि सरकारही आपलं स्वामित्वधन ब्रासावरच वसूल करतं. पण गोदावरी दर पावसाळ्यात किती ब्रास नवी वाळू आणून टाकते, हे फारसं कोणी विचारत नाही. वाळूघाटाच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची सुरुवात मात्र तिथूनच व्हायला हवी.

परभणीपुरतं बोलायचं तर त्याचं उत्तर दिलासा देणारं नाही. त्र्यंबकेश्वरहून निघालेली गोदावरी इथवर येते ती जवळजवळ सगळी दख्खनच्या काळ्या बसाल्टवरून. टिकाऊ वाळू बनते ती मुख्यतः क्वार्ट्झच्या कणांपासून, आणि बसाल्टमध्ये क्वार्ट्झ नगण्य असतं. हा खडक झिजला की त्याची बहुतांशी चिकणमाती होते. मराठवाड्याची कापसाची काळी जमीन ही त्याचीच देणगी. म्हणून इथल्या पात्रात वाळू साचते ती सावकाश: बसाल्टचे न विरघळलेले तुकडे, खडकाच्या पोकळ्यांतून सुटलेल्या गारगोट्या, चुनखडीचे खडे. ग्रॅनाइटच्या प्रदेशातून वाहणाऱ्या नद्यांशी तिची बरोबरी होत नाही.

त्यात धरणांची भर पडली. पैठणचं जायकवाडी 1976 साली पूर्ण झालं. सिंदफणेवर माजलगाव, दुधनेवर निम्न दुधना, पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर अशी धरणं उभी राहिली. धरणाच्या संथ पाण्यात सगळ्यात आधी तळाशी बसते ती जाड वाळू. खाली सोडलेल्या पाण्यात बारीक गाळ असतो, वाळू जवळपास नसते. पुढे परभणीच्याच हद्दीत ढालेगाव, मुदगल, डिग्रस हे बंधारे आहेत. त्यांनी शेतीला पाणी दिलं, पण वाळूच्या प्रवासात आणखी थांबे तयार केले. धरणांखालच्या पात्रात आज जी वाळू दिसते, तिचा मोठा हिस्सा जुन्या पुरांनी आणून ठेवलेला आहे. ती उचलली की त्याच प्रमाणात परत येईल असं गृहीत धरणं धोक्याचं आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले नदीअभ्यासक मॅथियस कॉन्डॉल्फ यांनी 1997 साली धरणातून वाळूविना सुटणाऱ्या पाण्याला ‘भुकेलं पाणी’ म्हटलं. वाळू वाहून नेण्याची ताकद आहे, पण वाळूच नाही, असं पाणी तळ आणि काठ कुरतडत जातं. पात्रात खोल खड्डा असेल तर काम आणखी बिघडतं. वरून येणारी वाळू खड्ड्यात अडकते आणि खालच्या बाजूचं पात्र उपाशी राहतं. खड्ड्याच्या वरच्या काठाशी पाण्याला एकदम उतार मिळतो, तिथून झीज सुरू होते आणि ती प्रवाहाच्या उलट, वरच्या गावाकडे सरकत जाते. खड्डा एका शिवारात आणि काठ ढासळतो दुसऱ्या शिवारात, असं होतं ते यामुळे. पुलाच्या पायाजवळ उपसा नको, या नियमामागेही हेच शास्त्र आहे.

पाण्याचं नुकसान चटकन दिसत नाही. एक किलोमीटर लांब, 200 मीटर रुंद आणि 3 मीटर जाड वाळूचा थर घ्या. त्याचं घनफळ होतं 6 लाख घनमीटर. वाळूच्या कणांमधल्या पोकळीतून सहज निथळणारं पाणी 20 टक्के धरलं, तर एवढ्या थरात 12 कोटी लिटर पाणी मावतं. तेही उन्हापासून झाकलेलं, बाष्पीभवनापासून बरंचसं वाचलेलं. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झिरा खोदून घागर भरणाऱ्या बायकांना हे गणित कोणी शिकवलेलं नव्हतं, त्या ते जगत होत्या. पात्रात टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावणारेही याच ओलीवर पीक घेत. वाळू गेली आणि तळ खाली गेला की काठच्या विहिरींचं पाणी पात्राकडे उतरू लागतं. टँकर सुरू होतो तेव्हा कागदावर कारण लिहिलं जातं ते फक्त कमी पावसाचं.

मग कायदा काय करतो? पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची सध्याची अधिसूचना 14 सप्टेंबर 2006 ची. तिच्यात 5 हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांना पर्यावरण मंजुरीची गरज नव्हती. परिणाम व्हायचा तोच झाला. देशभर मोठ्या पट्ट्यांचे 5 हेक्टरखालचे तुकडे पडू लागले. 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली आणि लहान पट्ट्यांनाही मंजुरी सक्तीची केली. 15 जानेवारी 2016 च्या दुरुस्तीने लहान पट्ट्यांचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाकडे आलं, पण तपासणी सौम्य झाली. राष्ट्रीय हरित लवादाने 13 सप्टेंबर 2018 रोजी त्यावर बोट ठेवून सुधारणा करायला सांगितलं.

‘लहान’ म्हणजे तरी किती? 5 हेक्टरवरून फक्त एक मीटर वाळू काढली तरी 50 हजार घनमीटर भरते, म्हणजे साडेसतरा हजार ब्रासांहून जास्त. असे पाच-सहा घाट एकाच तालुक्यात, एकाच प्रवाहावर असतील, तर प्रत्येकाची वेगळी फाईल तपासून नदीचं काय होणार ते कळत नाही. नदीला गट नंबर नसतात.

या गोंधळावर शास्त्रीय उतारा आहे, आणि तो महागही नाही. पावसाळ्याआधी पात्राचे ठरावीक ठिकाणी आडवे छेद मोजायचे, पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा मोजायचे. दोन्हींतला फरक म्हणजे त्या वर्षी आलेली वाळू. याला पुनर्भरण अभ्यास म्हणतात. ड्रोन आणि उपग्रहाधारित मोजणी यंत्रांमुळे हे काम आता काही दिवसांत होतं. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत तो सांगितला आहे. साठ्यापैकी 60 टक्केच वाळू काढण्याजोगी धरावी आणि उपशाची खोली 3 मीटरच्या आत ठेवावी, असंही त्यांत आहे. ऑगस्ट 2025 मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: जिल्ह्यात कुठे किती वाळू उपसता येईल हे मांडणाऱ्या जिल्हा सर्वेक्षण अहवालात पुनर्भरण अभ्यास नसेल, तर तो मंजुरीचा आधार होऊ शकत नाही. किती पेरलं, किती उगवलं हे न पाहता खळ्यावरची रास वाटून घ्यायची पद्धत यापुढे कायद्यात बसणार नाही.

मोजणी कोण करतं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. इथे पार उत्तर ध्रुवाकडचं एक उदाहरण परभणीच्या कामाचं आहे. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात बॅफिन बेटावर मेरी रिव्हर नावाची लोहखनिजाची खाण आहे. तिचं उत्पादन वर्षाला 60 लाखांवरून 1 कोटी 20 लाख टनांवर न्यायचं आणि बंदरापर्यंत सुमारे 110 किलोमीटरचा लोहमार्ग टाकायचा, असा प्रस्ताव होता. चार वर्षं छाननी चालली. कंपनीच्या तज्ज्ञांचे अहवाल आलेच, पण पॉन्ड इन्लेट गावच्या इन्युइट शिकाऱ्यांनीही सांगितलं की जहाजांची ये-जा वाढल्यापासून लांब सुळ्याचा नार्व्हाल देवमासा त्यांच्या खाडीत कमी येतो. नुनावुतच्या परिणाम आढावा मंडळाने त्यांच्या निरीक्षणाला पुराव्याचा दर्जा दिला. मे 2022 मध्ये मंडळाने विस्तार नाकारण्याची शिफारस केली आणि नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्र्यांनी ती मान्य केली. जुनी खाण सुरू राहिली, विस्तार मात्र थांबला.

गोदाकाठी अशी माणसं आहेत. कोणत्या डोहात पूर्वी मासा मिळायचा हे भोई सांगतील. कोणत्या सालापासून विहिरीचा फेर वाढवावा लागला हे शेतकरी सांगतील. रात्री कोणत्या वाटेने वाळूचे हायवा जातात, उपशाच्या केनी आणि तराफे कुठे लागतात, हे तर सगळ्या गावाला ठाऊक असतं. वाळूघाटासाठी ग्रामसभेची शिफारस घेण्याची तरतूद राज्याच्या धोरणांत आली, पण हे ज्ञान छेदांच्या नकाशाशेजारी नोंदवलं जात नाही तोवर ती शिफारस म्हणजे रजिस्टरातला एक ठराव.

वाळू लागणारच, हे नाकारून चालणार नाही. जगात दरवर्षी सुमारे 50 अब्ज टन वाळू-खडी वापरली जाते, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2022 मध्ये म्हटलं. परभणीत तर घरकुलाचा हप्ता हाती असूनही वाळूअभावी काम अडलेली कुटुंबं हा खरा प्रश्न आहे. राज्याने 2023 मध्ये सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू द्यायचं धोरण आणलं, 2025 मध्ये ते बदलून पुन्हा लिलावाकडे वळलं आणि दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूला प्रोत्साहन दिलं. बसाल्टच्या जिल्ह्यात हा पर्याय रास्त आहे, फक्त खदानी आणि क्रशरच्या धुळीचं मूल्यांकनही तितक्याच कसोशीने व्हायला हवं.

जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा अंतिम होण्याआधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर 21 दिवस ठेवावा लागतो आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात पाहायला मिळावी लागते. त्या मुदतीत कोणीही लेखी हरकत देऊ शकतं. आपल्या शिवारातल्या घाटासमोर पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे आकडे दिले आहेत का, जवळचा पूल, पाणीपुरवठ्याची विहीर आणि बंधारा नकाशावर आहेत का, शेजारच्या घाटांचा एकत्रित उपसा धरला आहे का, एवढं तपासायला भूशास्त्राची पदवी लागत नाही. विहिरीच्या पाणीपातळीची गेल्या काही वर्षांची नोंद सोबत जोडली, तर त्या हरकतीला वजन येतं.