पुंगळी अडकली म्हणजे रिव्हॉल्व्हर बिघडलं?

२०२४ ची लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, वर्ध्यात मतदान २६ एप्रिलला झालं, निकाल ४ जूनला. ज्यांना शस्त्र जमा करायला सांगितलं होतं, त्यांची रिव्हॉल्व्हरं ऐन उन्हाळ्यात पोलीस ठाण्यात पडून राहिली. पुढे ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागलीच. असं पडून राहिलेलं शस्त्र परत आणून रेंजवर सहा गोळ्या झाडल्या, की दोन-तीन पुंगळ्या निघता निघत नाहीत. मग सगळा दोष ठाण्याच्या माथी! (निवडणुकीत सरसकट सगळ्यांनाच शस्त्र जमा करावं लागतं, हाही एक गैरसमजच. कोणाचं जमा करून घ्यायचं ते छाननी समिती ठरवते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले अशांवर तिचा मुख्य रोख असतो.)

खरं कारण बहुतेक वेळा शस्त्र ज्या अवस्थेत जमा केलं, त्यात असतं. झाडल्यानंतर न पुसता, चामड्याच्या म्यानात कोंबून दिलेलं शस्त्र कुठेही ठेवलं तरी गंजणारच. चामडं ओल धरून ठेवतं. चामडी पट्ट्यात वर्षानुवर्षं खोचलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा कळंक चढतो. असं काडतूस चेंबरमध्ये जातानाच घासत जातं, मग बाहेर कसं येणार?

पुंगळी धरते कशी, तेही पाहू. बार उडाला की पितळेची पुंगळी क्षणभर फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट टेकते आणि दाब ओसरताच किंचित आखडते. त्या आखडण्यावरच तिचं सुटणं अवलंबून असतं. भिंत गुळगुळीत असेल तर ती सहज सुटते. गंजाचे खड्डे किंवा काजळी असेल तर पितळ त्यातच रुतून बसतं.

यावर लोकांचा लाडका उपाय म्हणजे तेल. चेंबरमध्ये तेलाचे चार थेंब सोडून काडतुसं भरायची. हे मात्र करू नये. चेंबर ओलं असेल तर पुंगळी भिंतीला नीट धरत नाही आणि मागचा सगळा धक्का सांगाड्यावर येतो. शिवाय तेल झिरपून काडतुसाच्या बुडातल्या टोपीत गेलं तर ऐनवेळी बार फुसका निघतो. तेल साफसफाईसाठी आणि साठवणीसाठी असतं. भरण्याआधी चेंबर कोरडं पुसून घ्यायचं.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा आहे: ‘पॉइंट बत्तीस म्हणजे पॉइंट बत्तीस’. सरकारी कारखान्याचं पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हर आणि २०१४ साली आलेलं कानपूरचं ‘निर्भीक’, ही दोन्ही पॉइंट बत्तीस एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसासाठी आहेत. पॉइंट बत्तीस पिस्तुलाचं, म्हणजे ७.६५ मिलिमीटरचं, काडतूस वेगळं. त्याची कड अरुंद असते, त्यामुळे पुंगळ्या बाहेर उचलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरला ती नीट पकडता येत नाही. शिवाय त्याचा दाबही जास्त. ते रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं, म्हणून चालतं असं नाही.

ही दोन्ही रिव्हॉल्व्हरं वेब्लीच्या धाटणीची, बिजागरीवर मोडून उघडणारी. नळी खाली झुकवली की मागचा चांदणीसारखा एक्स्ट्रॅक्टर सगळ्या पुंगळ्या एकदम उचलतो आणि झटकन जागेवर बसतो. पुष्कळ जण जपून, हळूहळू उघडतात. जीव लावून वापरतात बिचारे, पण इथेच घोटाळा होतो. उचललेली पुंगळी बाहेर न पडता परत घसरते आणि चांदणीखाली अडकते. मग शस्त्र ना मिटतं, ना धड उघडतं. हा बिघाड नव्हे, हाताची सवय आहे. शस्त्र थोडं आडवं करून एका दमात पूर्ण उघडायचं. पुंगळी अडकलीच तर चांदणी बोटाने वर धरून नखाने ती काढायची.

मात्र आधी खात्री हवी की ती पुंगळीच आहे. चाप ओढल्यावर नुसता टक् आवाज आला असेल, तर नळी निशाणाकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं, कारण बार उशिरानेही उडू शकतो. अडकलेल्या जिवंत काडतुसावर स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी चालवणं म्हणजे आपल्याच हाताने टोपीवर घाव घालणं.

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचं नाव यात हमखास निघतं. ‘आपल्याकडे एवढा मोठा दारूगोळा डेपो, मग चांगली काडतुसं मिळायला काय अडचण?’ तो डेपो लष्कराचा आहे. तिथून नागरिकाला एकही काडतूस मिळत नाही. देशी काडतुसं मिळतात ती खडकीच्या कारखान्याची, बुडावर ‘केएफ’ कोरलेली, आणि तीही परवानाधारक दुकानातून, परवान्यावर नोंद होऊन. ‘डेपोचा माल’ म्हणून कोणी काही देऊ केलं, तर घेणाराही गुन्ह्यात सापडतो.

‘आपला वर्कशॉपवाला पॉलिश पेपर मारून देईल’ हेही सोडून द्या. पेपरने चेंबरला ओरखडे पडतात आणि ते हळूहळू रुंद होतं. मग पुंगळी आणखी फुगते, आणखी रुतते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीचा धंदा करायलाही परवाना लागतो.

कारागिराकडे जाण्याआधी एक गोष्ट घरीच करता येते. सिलिंडर रिकामं करून सहाही चेंबरना बाहेरून खडूने आकडे घाला आणि पुढच्या सरावात कुठली पुंगळी अडकते ते टिपून ठेवा. दर वेळी त्याच आकड्यावर अडकत असेल तर त्या चेंबरमध्ये खड्डा किंवा ओरखडा आहे, आणि ते काम कारागिराचं. कधी इथे, कधी तिथे अडकत असेल तर काडतुसं बदला आणि सहाही चेंबरना पितळी ब्रश मारून पाहा.