मोटारीत मुका झालेला संग्रह

गाण्यांचा संग्रह पदरी असणे ही एक गोष्ट, आणि तो इच्छिल्या वेळी, इच्छिल्या ठिकाणी ऐकू येणे ही अगदी निराळी गोष्ट होय. विहिरीला पाणी भरपूर असले, तरी हाती दोर नसेल तर तहान भागत नाही. आमच्या घरी गतवर्षी नेमका हाच अनुभव आला. त्यातून जे थोडेबहुत शिकलो, ते आमच्या विद्यार्थिमित्रांच्या व त्यांच्या घरच्या मंडळींच्या उपयोगी पडेल, अशा समजुतीने येथे मांडीत आहोत.

आमचे वडील गावच्या भजनी मंडळात गात असत. देवळातील सप्ताहात त्यांनी गायिलेल्या अभंगांच्या चार कॅसेटी आमच्या कपाटात होत्या. वडील निवर्तल्यावर त्या चारही कॅसेटींतील गायन आम्ही संगणकावर उतरवून घेतले आणि एका पेनड्राइव्हवर साठवले. गेल्या वर्षी मे महिन्यात मातोश्रींना घेऊन फोंड्याहून बेळगावी भगिनीकडे जाण्याचा योग आला. मोटार थोरल्या बंधूंची. चोर्ल्याच्या घाटात मोबाईलचा संपर्क वारंवार तुटतो. तेव्हा इंटरनेटवरील गाण्यांवर विसंबून चालणार नव्हते. म्हणून आपला पेनड्राइव्ह लावावा आणि मातोश्रींना वडिलांचा आवाज ऐकवावा, असा बेत आम्ही केला होता. साखळी मागे पडल्यावर तो खोबणीत बसवला. मोटारीच्या पडद्यावर क्षणभर चक्र फिरले आणि ‘साधन वाचता येत नाही’ अशा अर्थाची सूचना उमटली. दोनदा काढून पुन्हा लावला; उत्तर तेच. ‘‘कितें जालें रे?’’ एवढेच मातोश्रींनी विचारले. त्यावर देण्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. उरलेला घाट आम्ही मुकाट्याने चढलो.

घरच्या संगणकावर जे सुरेख वाजते, ते मोटारीत का वाजू नये? याचे कारण असे की, मोटारीतील वादनयंत्र हाही एक लहानसा संगणकच असतो. परंतु घडविताना त्यास जेवढे शिकविले, तेवढेच त्यास येते. घरचा संगणक बहुभाषी पंडित मानला, तर मोटारीतील यंत्रास दोन-तीन भाषाच समजतात असे म्हणता येईल. त्याच्यापर्यंत गाणे पोहोचविण्यासाठी तीन दारे उघडावी लागतात. पहिले दार साधनावरील मांडणीचे, दुसरे फाइलीच्या प्रकाराचे आणि तिसरे नावांचे व क्रमाचे. यांपैकी पहिले जरी बंद असले, तरी गाणे बाहेरच राहते.

प्रथम मांडणीचा विचार करू. ग्रंथालयात कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे, याची नोंदवही असते. पेनड्राइव्हवरही अशी नोंदवही असते; ती ठेवण्याच्या पद्धती मात्र अनेक आहेत. एनटीएफएस ही पद्धत १९९३ साली, फॅट३२ ही १९९६ साली, आणि एक्सफॅट ही २००६ साली प्रचारात आली. यांपैकी फॅट३२ ही बहुतेक सर्व मोटारींना वाचता येते. एक्सफॅट काही नव्या मोटारींना येते. एनटीएफएस मात्र थोड्याच मोटारींना येते. आमचा पेनड्राइव्ह नेमका एनटीएफएस पद्धतीचा होता. त्यावरील नोंदवहीच मोटारीस वाचता येईना, तर आतील गाणी तिला कोठून सापडणार? फॅट३२ पद्धतीत एकच मोठी मर्यादा आहे: एक फाइल चार जीबीपेक्षा लहान असावी लागते. गाण्यांची फाइल एवढी मोठी क्वचितच होते, म्हणून मोटारीसाठी ती पुरेशी आहे. विंडोज संगणकावरील नेहमीच्या सोयीने ३२ जीबीपर्यंतचेच साधन फॅट३२ करता येत असे. यास्तव मोटारीसाठी ३२ जीबीचा किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह घेणे सर्वांत सोयीचे.

हे सारे आम्हांस बेळगावी आमच्या भाच्याने समजावून सांगितले. तो महाविद्यालयात शिकतो. पद्धत बदलण्यासाठी पेनड्राइव्ह ‘फॉरमॅट’ करावा लागतो, आणि तसे करताच त्यावरील सर्व काही पुसले जाते, हेही त्याने सांगितले. ‘‘मामा, घरी दुसरी प्रत आहे ना?’’ असे त्याने विचारले. आम्ही उतावळेपणाने ‘‘आहे, आहे’’ म्हणालो. फॉरमॅट झाला आणि लगोलग त्यावर आम्ही भाच्याच्या संग्रहातील गाणी परतीच्या वाटेसाठी भरली. घरी येऊन पाहतो, तो संगणकावर तीनच कॅसेटींतील गायन होते. चौथीचे फक्त त्या पेनड्राइव्हवर होते!

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जलद पद्धतीने फॉरमॅट केले असता बहुधा नोंदवहीच कोरी होते. आतील मजकूर काही काळ तसाच असतो. अशा वेळी त्या साधनावर काहीही न लिहिता ते जाणकाराच्या हाती दिले, तर पुष्कळसे परत मिळू शकते. आम्ही मात्र जुन्या मजकुरावर नवी गाणी लिहून ती वाटही बंद केली होती. चौथी कॅसेट कपाटातून काढली, तर पावसाळ्याच्या ओलीने तिच्या फितीवर बुरशी आलेली. एका जाणत्या गृहस्थाकडून ती साफ करून पुन्हा उतरवून घेतली. बहुतेक गायन मिळाले. शेवटचा अभंग मात्र अर्ध्यावर तुटतो. तो आता कायमचा तसाच राहणार.

आता दुसरे दार, फाइलीच्या प्रकाराचे. ध्वनी म्हणजे हवेतील कंप. संगणक त्या कंपाची उंची ठराविक अंतराने मोजतो व आकड्यांत टिपून ठेवतो. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये हे मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळा, तेही डाव्या व उजव्या अशा दोन बाजूंसाठी होते. प्रत्येक मोजमापास दोन बाइट लागतात. म्हणजे एका मिनिटाच्या गाण्यास सुमारे १ कोटी ६ लाख बाइट जागा हवी. हे आकडे जसेच्या तसे ठेवले की वेव्ह प्रकारची फाइल होते. आमच्या चार कॅसेटी प्रत्येकी साठ मिनिटांच्या. त्यांस या हिशेबाने सुमारे २५४ कोटी बाइट, म्हणजे अडीच जीबी लागतात.

जागा वाचविण्याचे दोन मार्ग आहेत. एक फ्लॅक नावाचा, २००१ साली आलेला. यात आकडे अशा रीतीने घडी घालून ठेवतात की उलगडल्यावर एकही आकडा कमी होत नाही. धुतलेले धोतर घडी घालून पेटीत ठेवावे आणि हवे तेव्हा उलगडावे, तसा हा प्रकार. जागा बहुधा निम्म्याच्या आसपास लागते. दुसरा मार्ग एमपी३चा. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा त्याच्या निर्मितीत मोठा वाटा असून त्याचे प्रमाण १९९३ साली प्रसिद्ध झाले. मोठा आवाज चालू असता त्याच्या जवळच्या स्वराचा बारीक आवाज माणसाच्या कानास कळत नाही, हे जाणून त्यात असे न कळणारे अंश गाळून टाकतात. सेकंदास १९२ हजार बिट ठेवले, तर आमच्या चार कॅसेटी सुमारे ३५ कोटी बाइटांत, म्हणजे मूळच्या सातव्या हिश्श्यात मावतात. परंतु गाळलेले ते गाळलेच. आंब्यापासून साठ करता येते. साठापासून आंबा करता येत नाही. एमपी३ची पुन्हा फ्लॅक केली, तर फाइल मोठी होते, गाणे मात्र सुधारत नाही.

मोटारीस एमपी३ बहुधा हमखास समजते, फ्लॅक सगळ्यांना समजतेच असे नाही. म्हणून घरी फ्लॅक व मोटारीत एमपी३, अशी वाटणी आम्हांस योग्य वाटते. चाकांचा, वाऱ्याचा व यंत्राचा आवाज चालूच असल्याने चांगल्या प्रतीच्या एमपी३मधील उणीव प्रवासात जाणवत नाही. मात्र पैसे भरून ज्या सेवेची गाणी आपण मोबाईलमध्ये उतरवून घेतो, त्या गाण्यांस बहुधा कुलूप असते. ती त्या सेवेच्या ॲपमधूनच वाजतात, पेनड्राइव्हवर घेऊन वाजविता येत नाहीत.

तिसरे दार नावांचे. काही यंत्रे फाइली नावांच्या वर्णक्रमाने लावतात. अशा क्रमात १ नंतर १० येतो आणि मग २. त्यामुळे नाटकाचा तिसरा अंक पहिल्याच्या पाठोपाठ ऐकू येण्याचा प्रसंग ओढवतो. ०१, ०२, ०३ असे दोन अंकी क्रमांक आरंभी घातले की हा घोटाळा टळतो. दुसरी यंत्रे फाइलीच्या नावाकडे न पाहता, तिच्या पोटात लिहिलेली गायकाची व गाण्याची माहिती दाखवितात. तीही नीट भरावी. काही यंत्रांत देवनागरी अक्षरे नसतात. तेथे मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. त्यावर उपाय म्हणून मोटारीच्या प्रतीत ती नावे रोमन लिपीत लिहावी. घरच्या संग्रहात देवनागरीच असू द्यावी. किती फाइली व किती फोल्डर चालतात, हे मोटारीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत बहुधा दिलेले असते. ती पुस्तिका वाचण्याचा आळस आम्ही केला होता, हे येथे कबूल करतो.

ज्यांना पेनड्राइव्हचा हा खटाटोप नको, त्यांना मोबाईलचा मार्ग मोकळा आहे. ब्लूटूथने किंवा ‘ऑक्स’ म्हणविल्या जाणाऱ्या छिद्रात बारीक तार घालून मोबाईल जोडला, तर फाइल वाचण्याचे काम मोबाईल करतो, मोटार केवळ ध्वनी मोठा करून ऐकविते. म्हणून जे मोबाईलवर वाजते ते तेथे वाजते. मोटारीस फ्लॅक समजते की नाही, हा प्रश्नच उरत नाही. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून घेतले आहे. त्यातून जाताना गाणे पुन्हा एकदा आखडले जाते, परंतु प्रवासात त्याने फारसे बिघडत नाही. काही जुन्या मोटारींतील ब्लूटूथ केवळ संभाषणापुरते असते. त्यावर गाणे येत नाही, तेथे तारच उपयोगी. आणि कोणताही मार्ग धरला, तरी जोडणी मोटार सुरू करण्यापूर्वी करावी. घाटाच्या वळणावर चालकाने मोबाईल हाती घेणे जिवाशी खेळणे तर आहेच, कायद्यानेही तो गुन्हा आहे.

ऐकणाऱ्याच्या साधनाचा विचार पाठविणाऱ्याने आधी करावा, याचे एक थोर उदाहरण आपल्या गोव्याशी निगडित आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, आणि फोंडा तालुक्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे भैरवीतील गायन तिच्यावर आहे. ती तबकडी कोणाच्या हाती पडेल व त्याच्यापाशी कोणते यंत्र असेल, हे पाठविणाऱ्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी तबकडीसोबत सुई ठेवली, आणि तबकडी किती वेगाने फिरवावी हे आवरणावर चित्रांनी दाखविले. शिवाय यानांवर गेली ती प्रतच. हेच दोन नियम आम्ही पाळले असते, तर आमची चूक झाली नसती.

तेव्हा या लेखाचा इत्यर्थ एवढाच: मोटारीसाठी संग्रह बदलू नये, मोटारीसाठी त्याची निराळी प्रत करावी. मूळ संग्रह उत्तम प्रकारात, दोन निरनिराळ्या साधनांवर, शक्य तर दोन निरनिराळ्या घरांत ठेवावा. मोटारीतील प्रत उन्हाने बिघडली, हरवली किंवा पुसली गेली, तरी अर्ध्या तासात दुसरी करता येते.

दिवाळीत आम्ही पुन्हा त्याच घाटाने बेळगावी गेलो. या खेपेस पेनड्राइव्ह बोलला. वडिलांचा आवाज मोटारीत भरून राहिला आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. शेवटचा अभंग जेथे तुटतो, तेथे यंत्र थांबले. त्यापुढील चरण मातोश्रींनी स्वतः म्हणून पुरा केला. तुमच्याही घरच्या कपाटात आजोबांची वा आजींची अशी एखादी कॅसेट असेल. मित्रहो, पुढचा पावसाळा येण्यापूर्वी ती बाहेर काढा व तिच्या दोन प्रती करा. मोटारीत ती कशी वाजवावी, याचा विचार त्यानंतर केला तरी चालेल.