टॉमकॅट सर्व्हर : दोषशोध व दुरुस्ती

जावा या संगणकीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्या महाजालावरून वापरता याव्यात, यासाठी तयार केलेला मुक्तस्रोत सर्व्हर म्हणजे टॉमकॅट होय. ब्राउझरकडून आलेली मागणी स्वीकारणे, ती योग्य त्या आज्ञावलीकडे सोपविणे व तयार झालेले पान परत पाठविणे, ही त्याची मुख्य कार्ये होत. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी त्याची मूळ रचना केली. १९९९ मध्ये ती अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सुपूर्त करण्यात आली. त्याची मूळ संहिता कोणासही वाचता व बदलता येते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात वाचावयास मिळतात. हे भांडार डीस्पेस या मुक्तस्रोत आज्ञावलीवर उभारलेले आहे. डीस्पेस जावात लिहिलेली असून अशी भांडारे टॉमकॅटवर चालविण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे सर्व्हरची निगा हा ज्ञानसाठ्याच्या जतनाचाच एक भाग ठरतो.

दोषशोध : टॉमकॅटचे तीन प्रमुख घटक आहेत. ‘कोयोटी’ हा बाहेरील मागणी स्वीकारतो, ‘कॅटलिना’ आज्ञावल्या चालवितो आणि ‘जॅस्पर’ जावामिश्रित पानांचे जावा संहितेत रूपांतर करतो. दोष यांपैकी कोठे आहे, की वर चालणाऱ्या आज्ञावलीतच आहे, हे प्रथम ठरवावे लागते. सर्व्हर सुरूच होत नसेल, तर बहुधा ८०८० हा त्याचा नेहमीचा पोर्ट दुसऱ्या आज्ञावलीने व्यापलेला असतो. ४०४ हा संकेतांक मागितलेली वस्तू न सापडल्याचे, तर ५०० हा आज्ञावली चालताना बिघाड झाल्याचे दर्शवितो. सर्व्हर चालू असूनही उत्तर देत नसेल, तर मागण्या हाताळणारे सर्व धागे (नेहमीच्या मांडणीत कमाल २००) अडकून पडल्याची शक्यता असते, उदा., डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत. अशा वेळी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्याने काम तात्पुरते चालते. परंतु त्या क्षणीच्या धाग्यांची स्थिती आधी टिपून न ठेवल्यास पुरावा नष्ट होतो. सर्व्हर आपल्या नोंदी फाइलींत लिहीत असतो. तेथील त्रुटींच्या लांबलचक साखळीत मूळ कारण पुष्कळदा सर्वांत शेवटी नमूद केलेल्या कारणात सापडते.

दुरुस्ती : संहितेतील दोष दूर करणाऱ्या बदलास ‘पॅच’ म्हणतात. त्यात कोणत्या ओळी वगळल्या व कोणत्या घातल्या, हे दाखविलेले असते. जाणकारास तो संहितेत घालून सर्व्हर स्वतः बांधता येतो. मात्र सामान्यतः सुधारित आवृत्ती बसविणे अधिक सुरक्षित असते. आज्ञावल्या व मांडणीच्या फाइली सर्व्हरच्या मूळ फाइलींपासून वेगळ्या ठेविल्यास हे काम सुकर होते. जुन्या आवृत्तीची प्रत राखून, नवी आवृत्ती प्रथम चाचणी-संगणकावर तपासून मगच ती वापरात आणावी. नवव्या आवृत्तीकडून दहाव्या आवृत्तीकडे जाताना ‘जावाएक्स’ या नामसमूहाऐवजी ‘जकार्ता’ हा नामसमूह येत असल्याने जुन्या आज्ञावल्याही बदलाव्या लागतात.

विलंबाचा धोका : संहिता खुली असल्याने दुरुस्ती प्रसिद्ध होताच मूळ छिद्र कोठे होते, हेही सर्वांना कळते. फेब्रुवारी २०२० मध्ये उघड झालेला ‘घोस्टकॅट’ हा दोष याचे उदाहरण होय. ८००९ या पोर्टवरील जोडणीतून आज्ञावलीच्या अंतर्गत फाइली बाहेरच्या व्यक्तीस वाचता येत होत्या. तो ७.०.१००, ८.५.५१ व ९.०.३१ या आवृत्त्यांत दूर करण्यात आला. सहाव्या आवृत्तीचा सांभाळ २०१६ अखेर थांबल्याने तिच्यासाठी दुरुस्ती निघाली नाही. आवृत्ती बदलणे शक्य नसलेल्यांना ती जोडणी बंद करणे हा उपाय होता. अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीने स्ट्रट्स या जावा-चौकटीची मार्च २०१७ मध्ये निघालेली दुरुस्ती वेळीच न बसविल्याने मे महिन्यापासून घुसखोरी होऊन सुमारे १४ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती चोरीस गेली. तात्पर्य, मुक्तस्रोत सर्व्हर विनामूल्य मिळत असला, तरी त्याच्या निगेची जबाबदारी वापरणाऱ्या संस्थेवरच राहते. त्यासाठी जाणकार व्यक्ती नेमणे व सुरक्षा-सूचनांकडे नियमित लक्ष ठेवणे अगत्याचे ठरते.