संगणकावरील व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण व पुढील संपादन

सन २०२० च्या टाळेबंदीत आपल्या क्षेत्रातील बहुतेक व्याख्याने संगणकाच्या पडद्यावर आली. त्या काळात आमच्या गुरुवर्यांनी रसौषधींची मात्रा व अनुपान या विषयावर दीड तास विवेचन केले. मी स्पीकरजवळ मोबाईल ठेवून ते मुद्रित केले. पुढे टिपणासाठी ऐकू लागलो, तेव्हा एका भस्माच्या मात्रेपाशी नेमकी आमच्या स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी आढळली. ‘रत्ती’ हा शब्द ऐकू येतो. त्याआधीचा शब्द ‘अर्धी’ की ‘दीड’, हे ठरत नाही. रत्ती सुमारे १२५ मिलिग्रॅम धरली तर हा फरक तिपटीचा होतो. गुरुवर्य आता हयात नाहीत. ग्रंथोक्त मात्रा ग्रंथात मिळते, परंतु त्यांनी विशिष्ट अवस्थेत स्वानुभवाने योजलेली मात्रा कोठे शोधावी? तो भाग मला टिपणातून वगळावा लागला.

येथे चूक मोबाईलची नसून मार्गाची होती. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज खोलीतील पंखा, रहदारी व भिंतींवरील प्रतिध्वनी यांत मिसळूनच मायक्रोफोनमध्ये शिरतो. वस्तुतः संगणकात वाजणारा ध्वनी स्पीकरकडे जाण्यापूर्वीच आतल्या आत मुद्रित करता येतो. या पद्धतीस ‘लूपबॅक’ म्हणतात. तिच्यात कुकरच काय, शेजारी बसलेल्या रुग्णाचा खोकलाही येत नाही.

प्रथम आयोजकांकडे मूळ फाइलच मागावी. ती मिळाल्यास पुढील खटाटोप वाचतो. न मिळाल्यास मुद्रणासाठी वक्त्यांची अनुमती घ्यावी. सन १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा प्रथम स्वामित्वहक्क सामान्यतः भाषण करणाऱ्याचा असतो, आयोजकांचा नव्हे, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात नसते.

मुद्रणासाठी ‘ऑडॅसिटी’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. विंडोज संगणकावर त्यातील ‘ऑडिओ सेटअप’मध्ये होस्ट म्हणून ‘विंडोज वासापी’ निवडावे आणि रेकॉर्डिंग डिव्हाइसमध्ये आपल्या स्पीकरच्या नावापुढे ‘लूपबॅक’ असे लिहिलेला पर्याय घ्यावा. इअरफोन लावला असेल तर इअरफोनचा लूपबॅक निवडावा, कारण आवाज त्या वेळी तिकडे जात असतो. ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ बंद असल्याची खात्री करावी. अन्यथा मुद्रित होणारा आवाज पुन्हा वाजून पुन्हा मुद्रित होतो व प्रतिध्वनी उमटतो. मॅक संगणकावर ‘ब्लॅकहोल’सारखे आभासी ध्वनिसाधन वेगळे बसवावे लागते. आवृत्तीप्रमाणे मेनूची जागा थोडीफार बदलते.

व्याख्यानापूर्वी एक मिनिटाचे मुद्रण करून ते ऐकावे. ध्वनिमापकाची उंच टोके वजा ६ डेसिबलच्या आसपास असावीत. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही; कमी पातळीचा आवाज मात्र वाढविता येतो. ई-मेल व संदेशांच्या सूचना बंद ठेवाव्यात, कारण त्यांचा टिंगटिंगाटही लूपबॅकमध्ये येतो. (माझ्या दुसऱ्या प्रयत्नात तो अकरा वेळा आला!) तसेच संगणकात काहीच वाजत नसताना या पद्धतीत मुद्रण पुढे सरकत नाही, म्हणून घड्याळाच्या वेळेशी मुद्रणाची वेळ जुळली नाही तर घाबरू नये.

साठवण डब्ल्यूएव्ही स्वरूपात करावी. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ मुद्रणास तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते; व्याख्यानास एकच चॅनल पुरते, म्हणजे जागा निम्मी. १२८ केबीपीएसच्या एमपी३ फाइलला तासाला अवघे ५८ एमबी लागतात, पण ती आकुंचित प्रत आहे. प्रत्येक संपादनानंतर पुन्हा एमपी३ केल्यास गुणवत्ता घटत जाते. मूळ द्रव्य सुरक्षित ठेवून त्याच्या अंशावर कल्पना कराव्यात, तसे मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवरच संपादन करावे. औषधालयातील सेवकवर्गाला ऐकविण्यासाठी लहान भाग काढायचे असल्यास ते शेवटी एमपी३ करून द्यावेत.

संपादनात ‘नॉइज रिडक्शन’चा मोह आवरावा. तो जास्त लावला की ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण बोथट होतात आणि वक्ता पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. रुग्णवृत्तात रुग्णाचे नाव, गाव वा ओळख आली असेल तर तेवढा भाग प्रत वाटण्यापूर्वी कापावा.

ऐकताना जेथे मात्रा, काल वा अनुपान येईल, तेथे कंट्रोल व एम ही कळ एकत्र दाबून खुणेचे लेबल लावावे व त्यात ऐकू आलेला आकडा लिहावा. माझ्या पद्धतीत अशा लेबलांची यादी आठ दिवसांच्या आत वक्त्यांकडे जाते व त्यांनी तपासून परत केल्याखेरीज टिपण कोणालाही दिले जात नाही. मागील खेपेस यादीतील बावीस लेबलांपैकी दोन आकडे वक्त्यांनी बदलले. मुद्रण स्वच्छ होते. बोलण्याच्या ओघात चूक त्यांच्याकडूनच झाली होती.