शिजलं म्हणजे मऊ झालं नव्हे

११ फेब्रुवारी १९६३ रोजी बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या दूरचित्रवाणी केंद्रावर 'द फ्रेंच शेफ' ही मालिका सुरू झाली. पहिल्याच भागात ज्युलिया चाइल्ड यांनी अमेरिकी प्रेक्षकांना ना केक दाखवला, ना ऑम्लेट. दाखवलं ते बीफ. दोन-दोन इंचांचे चौकोनी तुकडे, लाल वाइन आणि ओव्हनमध्ये अडीच-तीन तास. पदार्थाचं नाव 'बॉफ बुर्गिन्यों'. कार्यक्रम अर्ध्या तासाचा आणि पदार्थ जवळजवळ अर्ध्या दिवसाचा!

हा पदार्थ फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताचं नाव लावतो. पिनो न्वार द्राक्षांची लाल वाइन आणि शारोले जातीची पांढरी, धिप्पाड गुरं ही त्या प्रांताची ओळख. ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी १९०३ साली आपल्या 'ल गीद क्युलिनेर' या ग्रंथात कृती दिली ती मांसाच्या अख्ख्या खंडाची. तुकड्यांचं घरगुती रूप इंग्रजी वाचकांच्या स्वयंपाकघरात पोचवलं ते चाइल्ड, सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल यांच्या १९६१ सालच्या 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग'ने. त्यांच्या कृतीत ओव्हन ३२५ अंश फॅरेनहाइटवर, म्हणजे सुमारे १६३ अंश सेल्सिअसवर ठेवायचा असतो.

इथे कुणालाही शंका यावी. तव्यावरचा स्टेक दहा मिनिटांत तयार होतो आणि आणखी पाच मिनिटं राहिला तर वातड होतो. मग तीन तास उष्णता खाल्लेलं मांस काट्याने तुटण्याइतकं मऊ कसं होतं? याचं उत्तर मांसाच्या निवडीत आहे, आणि त्याहून जास्त, स्वयंपाकी कुठे थांबतो त्यात आहे.

सगळ्यात वाईट तास

जनावर जो स्नायू जास्त वापरतं, तो निबर होतो. पाठीच्या कण्याला लागून असलेल्या अंडरकटला फारसं काम नसतं, म्हणून तो मुळातच कोवळा आणि खाटकाकडे सगळ्यात महाग. मान, खांदा आणि नळी यांना मात्र दिवसभर राबावं लागतं. या भागांत स्नायूतंतूंच्या जुड्या बांधून ठेवणारे पांढरे पापुद्रे जाड असतात. ते कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या तीन साखळ्या सुंभाच्या दोरीसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, आणि जनावराचं वय वाढतं तसे या साखळ्यांमधले आडवे बंधही वाढत जातात. म्हाताऱ्या जनावराचं मांस शिजायला वेळ घेतं ते यामुळे.

आता आच लागली की काय होतं ते क्रमाने पाहू. साधारण ५० अंशांपासून तंतूंमधली प्रथिनं आकसू लागतात. ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान कोलाजेनचे पापुद्रेही आकसतात आणि आतल्या तंतूंना आवळतात. ओलं फडकं पिळावं तसा रस बाहेर येतो असं आपण म्हणतो, पण इथे ते शब्दशः घडतं. सत्तरीच्या आसपास उरलेली प्रथिनंही आपलं पाणी सोडतात. या टप्प्यावर मांस पूर्ण शिजलेलं असतं, लाली गेलेली असते, खायला कसलीच भीती नसते. पण दाताखाली ते रबरासारखं लागतं. अख्ख्या प्रवासातला हा सगळ्यात वाईट तास.

खरी गंमत यानंतर आहे. उष्णता आणि पाणी दोन्ही मिळत राहिलं, की कोलाजेनचा पीळ हळूहळू सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ते याच जिलेटिनमुळे. ६० अंशांवर या कामाला दिवस-दोन दिवस लागू शकतात. ८५-९० अंशांवर ते काही तासांत होतं. बांधणारा पापुद्राच विरघळला की तंतू एकमेकांपासून सुटे होतात. ते स्वतः कोरडेच असतात, पण त्यांच्यामध्ये आता दाट, बुळबुळीत जिलेटिन भरलेलं असतं आणि जिभेला तेच रसाळ वाटतं. म्हणजे तीन तासांनी मिळणारा रसाळपणा हा मूळचा रस नव्हे. तो गेला, त्याच्या जागी दुसरा आला.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, रश्श्यात बुडालेलं मांस कोरडं पडत नाही हा समज खोटा आहे. भोवती कितीही पाणी असलं तरी तंतू आकसायचे ते आकसतातच. दुसरी, महागडा अंडरकट घेऊन तीन तास शिजवला तर हाती कोरडा चोथा येतो, कारण जिलेटिन व्हायला त्यात कोलाजेनच पुरेसं नसतं. या पदार्थात स्वस्त मांस ही काटकसर नसून गरज आहे.

खरपूस कशासाठी?

तुकडे आधी तेलात परतून खरपूस केले की 'रस आत कोंडला जातो', असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. हा सिद्धान्त १८४७ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टस फॉन लीबिग यांनी मांडला आणि त्यांच्या दबदब्यामुळे तो स्वयंपाकघरात रुजला. हॅरॉल्ड मॅगी यांच्या 'ऑन फूड अँड कुकिंग' (१९८४) या पुस्तकाने तो सर्वसामान्य वाचकांसमोर मोडीत काढला. खरपूस झालेल्या कडेतूनही पाणी झिरपतं. तव्यावर पडताना येणारा चुर्र आवाज त्या पाण्याचाच असतो.

तरीही परतायचं, ते चवीसाठी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली वर्णन केलेली ही प्रक्रिया. अमिनो आम्लं आणि साखर उष्णतेने एकमेकांशी भिडतात आणि शेकडो नवे गंध, नवे स्वाद तयार होतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेलं सुकं खोबरं, कॉफी या सगळ्यांत तीच किमया आहे. तिला साधारण १४० अंशांच्या वरची उष्णता लागते आणि पाणी असेपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणून चाइल्ड तुकडे आधी कागदाने टिपून कोरडे करायला सांगतात. म्हणूनच एका वेळी थोडे तुकडे टाकायचे. गर्दी केली की सुटलेल्या पाण्यात मांस नुसतंच उकडतं.

ओव्हनचं काम

हे सगळं शेगडीवरही होऊ शकतं. पण शेगडी फक्त बुडाला आच देते. तळाशी रस्सा लागतो, वर मात्र नुसता कोमट, आणि आच जरा वाढली की खळाखळा उकळी. ओव्हनमध्ये भांड्याला सगळ्या बाजूंनी गरम हवा मिळते. हवा उष्णतेची वाहक म्हणून कच्ची, त्यामुळे भांडं सावकाश आणि सारखं तापतं. जाड बिडाचं भांडं असेल तर आणखी सावकाश.

बाहेर १६० अंश असले तरी आत रस्सा १०० अंश ओलांडत नाही, कारण पाणी त्याहून तापत नाही. झाकण किंचित तिरपं ठेवलं तर वाफ निसटते, निसटताना उष्णता घेऊन जाते आणि रस्सा उकळीच्या थोडा खालीच रेंगाळतो. कोलाजेन विरघळायला ही आच पुरते आणि तंतूंचे हालही त्या मानाने कमी होतात. शिवाय रश्श्याबाहेर डोकावणारे तुकडे वरून खरपूस होत राहतात. शेगडीवर हे जमत नाही.

मंद आचेची ही ताकद विज्ञानाला कळली ती योगायोगाने. अमेरिकेत जन्मलेले आणि बव्हेरियात कामगिरी गाजवलेले बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रमफर्ड, यांनी बटाटे वाळवण्यासाठी एक यंत्र बनवलं होतं. त्यात मांस भाजता येईल का, हे पाहायला त्यांनी मेंढ्याचा खांदा ठेवला. तीन तासांनीही तो शिजेना, म्हणून प्रयोग फसला असं समजून त्यांनी नाद सोडला. नोकरांनी तो रात्रभर तिथेच राहू दिला. सकाळी पाहतात तो मांस उत्तम शिजलेलं आणि विलक्षण चवदार. रमफर्ड यांच्याच पुढाकाराने १७९९ साली स्थापन झालेल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १९६९ साली भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्टी यांनी 'द फिजिसिस्ट इन द किचन' या व्याख्यानात हा किस्सा पुन्हा सांगितला आणि मांस ८० अंशांवर तासन् तास ठेवून तो पडताळूनही पाहिला. तीन तासांनी रमफर्ड ज्याला अपयश समजले, तो फक्त अर्धा रस्ता होता.

आपल्याकडे

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ पासून बंदी आहे. मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. म्हशी आणि रेडे त्या बंदीत येत नाहीत, त्यामुळे इथे 'मोठ्याचं' म्हणून जे मिळतं ते म्हशीचं. त्यालाही हेच नियम लागू आहेत, फक्त जनावर वयस्क असेल तर तास-अर्धा तास जास्त धरायचा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत बीफ रोस्ट होतो तो आलं, लसूण, मिरी आणि व्हिनेगर लावलेल्या अख्ख्या खंडाचा, झाकणाखाली मंद आचेवर. नळीची निहारी रात्रभर चुलीवर असते. मराठवाड्यातल्या दलित खाद्यसंस्कृतीची नोंद करणाऱ्या शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मांसाच्या वाळवलेल्या 'चान्यां'पर्यंत सगळं येतं. निबर मांसाशी कसं वागायचं हे ज्यांच्या वाट्याला ते आलं त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आपला हुकमी उपाय मात्र प्रेशर कुकर. आत सुमारे १२० अंश चढतात आणि तीन तासांचं काम पाऊण तासात उरकतं. त्यात वाईट काही नाही. पण आच जास्त असल्याने तंतू अधिक पिळले जातात, आणि वाफ कोंडलेली असल्याने रस्सा आटत नाही, पातळ राहतो. दुसरा उपाय कच्च्या पपईचा. तिच्यातलं पपेन हे विकर प्रथिनं तोडतं खरं, पण ते बहुतेक पृष्ठभागावरच काम करतं. दोन इंचांच्या तुकड्याचं आवरण पिठूळ होतं आणि गाभा होता तसाच राहतो. तीन तास ओव्हनमध्ये राहणाऱ्या मांसाला पपई नकोच.

करून बघायचं तर

खांद्याचं किंवा मानेचं एक किलो मांस घ्या, तुकडे दोन इंचांचेच ठेवा. लहान तुकडे लवकर कोरडे पडतात. टिपून, मीठ लावून थोडे थोडे खरपूस परता. त्याच तेलात कांदा आणि गाजर परता, दोन चमचे मैदा भुरभुरा. मग लाल वाइन आणि सूप निम्मं-निम्मं, तुकडे जेमतेम बुडतील इतकं. चमचाभर टोमॅटो पेस्ट, लसूण, थाइम. बुडाला लागलेला खरपूस थर लाकडी उलथन्याने खरवडून रश्श्यात मिसळा, चव त्यातच आहे. अल्कोहोल शिजताना पूर्ण उडून जातो असं मात्र समजू नका. अडीच तास शिजल्यावरही मूळच्या सुमारे ५ टक्के उरतो. ज्यांना तो नको असेल त्यांनी सगळं सूप घ्यावं आणि आंबटपणासाठी चमचाभर व्हिनेगर घालावं.

शेगडीवर एक उकळी आणून भांडं १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, झाकण किंचित तिरपं. घरच्या ओटीजीमध्ये भांडं मावतं का आणि त्याच्या मुठी प्लास्टिकच्या नाहीत ना, हे आधी पाहा. लहान ओटीजीमध्ये वरची कांडी भांड्याच्या अगदी जवळ येते, म्हणून फक्त खालची चालू ठेवा. मश्रूम आणि छोटे कांदे लोण्यात वेगळे परतून शेवटी घाला. तीन तास शिजले तर कांद्यांचा गाळ होतो. हा पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. गार झाल्यावर चरबी वर थिजते, ती उचलून टाकता येते आणि जिलेटिनने रस्सा दाट झालेला असतो. मात्र दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचा आणि खाताना पूर्ण उकळायचा.

दोन तासांनी पहिल्यांदा काटा टोचून पाहा. तो सहज आत गेला आणि तुकडा न उचलता बाहेर आला, तर झालं. अडकला, तर मांस बिघडलंय असं समजून आच वाढवू नका, पाणीही ओतू नका. झाकण ठेवा आणि अजून अर्धा तास द्या.