टक् वाजलं म्हणजे क्लिक बीटलच, असं नाही

पहिल्या पावसानंतर बोईसर-तारापूर भागात रात्री दिव्यांखाली तपकिरी, लांबट भुंगेरे येऊन पडतात. उताणा पडलेला एखादा 'टक्' आवाज करत उसळी घेतो आणि बघणारा लगेच म्हणतो, क्लिक बीटल. बहुतेकदा ते खरं असतं, पण नेहमी नाही. युक्नेमिडी कुळातले फॉल्स क्लिक बीटलही असेच दिसतात आणि त्यांतले बरेच टकटकतातही, कारण छातीखालचा काटा खाचेत झटकन सरकण्याची रचना दोघांकडे आहे. ओळख पटवायची तर भिंगातून तोंड पाहावं. क्लिक बीटलचा वरचा ओठ उघड दिसतो, फॉल्स क्लिक बीटलचा दिसत नाही. शिवाय याच्या पोटाखालचे पाचही पट्टे एकमेकांना घट्ट जुळलेले असतात.

नावात 'फॉल्स' आहे, म्हणून हा कुणाची नक्कल करणारा कीटक ठरत नाही. एश्शोल्त्सनं १८२९ मध्ये मांडलेलं हे स्वतंत्र कुळ आहे. काजवे आणि क्लिक बीटल त्याचे नातलग. जगभरात याच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि भारतातही त्या आढळतात. बाल्टिक अंबरमध्ये त्यांचे जीवाश्म सापडले आहेत.

एकदा नाव दिलं की वर्गीकरण संपलं, हाही गैरसमजच. याच कुळातली फोर्नॅक्स ही प्रजाती १८३५ ची. दिसायला जवळचे वाटणारे कितीतरी भुंगेरे पुढे तिच्यात घातले गेले आणि नंतर त्यातले अनेक बाहेर काढावे लागले. उत्तर अमेरिकेतल्या काही जाती आता ओनिकोडॉन या प्रजातीत आहेत. फिनलंडचे कीटकतज्ज्ञ युर्की मुओना यांनी १९९३ मध्ये सगळ्या कुळाची फेरमांडणी केली. मला हे काम किचकट असूनही फार मोलाचं वाटतं. जात नेमकी कळली नाही, तर ती कोणत्या रानात आहे आणि कुठून नाहीशी होते आहे हे कळणार कसं?

सर्वांत नुकसानकारक समज फॉल्स क्लिक बीटलच्या अळीबद्दलचा आहे. क्लिक बीटलच्या काही अळ्या पिकांची मुळं कुरतडतात, म्हणून हिलाही तोच दोष लावला जातो. घरातल्या फर्निचरचा भुगा पाडणारे किडेही वेगळेच. फॉल्स क्लिक बीटलच्या बहुतेक जातींच्या अळ्या बुरशीनं कुजवलेल्या लाकडातच वाढतात. पाचर घातल्यासारखं चपटं डोकं आणि जवळजवळ पाय नसलेलं शरीर घेऊन ही अळी लाकडात शिरते, पाचक रस बाहेर सोडते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. भात, चिकू किंवा दाराची चौकट तिच्या कामाची नाही.

तिला हवा असतो पडून कुजलेला ओंडका. म्हणून काळदुर्ग, आशेरी, तुंगारेश्वरच्या रानात असे ओंडके 'सफाई'च्या नावाखाली उचलून नेऊ नका. चुलीसाठी वाळक्या काटक्या खुशाल न्या, कुजलेलं खोड मात्र जागेवरच राहू द्या.